सीमाप्रश्न: मोजायचे गाव की जिल्हा?

कोल्हापूरच्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारले आहेत. बेळगावचा सीमावाद नेमका सुरू कुठून झाला? इतक्या समित्या, आंदोलने, ठराव होऊनही तो सुटत का नाही? आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला, तर बेळगाव लगेच महाराष्ट्रात येईल का? घरातल्या मोठ्यांना विचारले की "अन्याय झाला" एवढेच उत्तर मिळते, असेही त्याने लिहिले आहे.

अन्याय झाला असे माझेही मत आहे. पण तो कोणत्या टप्प्यावर झाला आणि कसा झाला, हे सांगता आले नाही तर त्या शब्दाला वजन राहत नाही. वकिलीत माझा बराच काळ राज्यपुनर्रचनेचे कायदे आणि सीमाभागातली महसुली कागदपत्रे वाचण्यात गेला आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. या वादाचे मूळ भाषेच्या भांडणात शोधू नका. भाषेची वस्ती मोजताना घटक कोणता धरायचा, गाव, तालुका की जिल्हा, हे कोणीच एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळले नाही. तिथे हा वाद जन्मला आणि अजून तिथेच अडकला आहे.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि यातला बराचसा मुलूख पुढे मुंबई इलाख्यात गेला. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे इलाख्याच्या दक्षिणेकडचे जिल्हे. इंग्रजांनी ते आखले सारावसुली आणि बंदोबस्ताच्या सोयीने. कोण काय बोलतो हे पाहून नव्हे. त्यामुळे बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर, बेळगाव तालुक्याचा मोठा भाग आणि वर निपाणीचा पट्टा मराठी, तर पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल कानडी, अशी रचना झाली. मधल्या पट्ट्यात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात. सून एका भाषेतली, सासू दुसऱ्या भाषेतली, आणि बाजारात दोघी दोन्ही बोलतात. इलाखा एकच होता तोवर याचे कोणाला ओझे नव्हते.

मराठी वाचकाने इथे दुसरी बाजूही नीट समजून घ्यायला हवी. कानडी माणूस मुंबई, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर आणि कूर्ग असा विखुरलेला होता. त्याची एकीकरणाची चळवळ आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीइतकीच खरी आणि जुनी आहे. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरले, त्या काळात कर्नाटक एकीकरणाचा विचारही त्याच शहरात जोर धरत होता. पुढे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तोही बेळगावातच. दोन्ही चळवळींना हे शहर आपले वाटत होते आणि दोघांकडेही त्याची कारणे होती.

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे सदस्य. सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल आला. आयोगाने साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. देशभराची फेरमांडणी करायची तर गावागावात शिरणे शक्य नाही, हा त्यांचा विचार मला समजतो. पण बेळगावच्या बाबतीत त्यांनी स्वतःच जिल्हा फोडला. चंदगड तालुक्यात मराठी वस्ती भरभक्कम, म्हणून तो वगळून उरलेला जिल्हा कर्नाटकाकडे द्यावा, अशी शिफारस केली. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तो त्यामुळेच.

आता पाहा, चंदगडसाठी जिल्हा फोडता येत होता, तर शेजारच्या खानापूरसाठी का नाही? आयोगाचे म्हणणे असे की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठीचे आधिक्य थोडेच आहे आणि त्यांचे व्यापारी व प्रशासकीय संबंध उरलेल्या जिल्ह्याशी आहेत. म्हणजे घटक जिल्ह्यावरून तालुक्यावर आला आणि तालुक्यावर आल्यावर निकष भाषेवरून व्यापारावर गेला. यातला कोणताही एक निकष सगळीकडे लावला असता तर निकाल पटो न पटो, त्यामागचे तत्त्व तरी दिसले असते. राज्यपुनर्रचना कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला आणि चंदगड सोडून बेळगाव जिल्हा, तसेच विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. सीमाभागातला मराठी माणूस तेव्हापासून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो आणि त्याच रस्त्यांवर त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात.

महाराष्ट्राची बाजू सर्वांत नीट मांडली गेली ती भाषणांत नव्हे, जून १९५७ मध्ये तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्याने केंद्राला दिलेल्या निवेदनात. गाव हा घटक, सलग भूभाग, त्या गावातले भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा, हे चार निकष त्यात होते. त्या आधारे ८१४ गावे आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरे मागितली होती. त्याच निकषांवर आपल्याकडची सुमारे २६० कानडी गावे द्यायची तयारीही त्याच कागदात होती, आणि याचा आज आपल्याला विसर पडला आहे. मागणीची नैतिक ताकद या देण्यातच होती. आजच्या सभांमध्ये मागायची यादी वाचली जाते. द्यायच्या यादीचे नाव कोणी काढत नाही.

हे चार निकष हवेतले नव्हते. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमावाद ह. वि. पाटसकरांनी अशाच तत्त्वांवर सोडवला: गाव घटक, सलगता, भाषिक बहुमत. त्यावर १९५९ मध्ये संसदेने कायदा केला, १ एप्रिल १९६० पासून गावे इकडची तिकडे झाली आणि तिरुत्तणी मद्रासकडे गेले. मग तेच सूत्र इथे का चालले नाही? तिथे दोन्ही राज्यांनी आधी तत्त्वे मान्य केली आणि मग माणूस नेमला. इथे तत्त्वांवर एकमत कधी झालेच नाही. म्हैसूरचे म्हणणे होते की १९५६ च्या कायद्याने विषय संपला. १९६० मध्ये दोन्ही राज्यांचे प्रत्येकी दोन असे चौघे एकत्र बसले, पण एकमत न होताच उठले. निकष न ठरवता नेमलेली समिती कितीही मोठ्या माणसांची असली तरी तिच्या हातून वाद मिटत नाही, हे माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा खरे ठरले आहे.

महाजन आयोगाचे नेमके हेच झाले. सेनापती बापटांनी १९६६ मध्ये उपोषण केले, दिल्लीवर दबाव आला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, महाराष्ट्रातली जत, अक्कलकोट, सोलापूर भागातली २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, असा त्याचा सारांश. महाराष्ट्राने तो फेटाळला. कर्नाटकाची भूमिका आजही तीच आहे: एक तर महाजन अहवाल, नाहीतर आहे ते तसेच.

अहवाल मी शांतपणे वाचला आहे. माझा आक्षेप बेळगाव नाकारल्याचा नाही, ते कसे नाकारले याचा आहे. ग्रामीण भागात आयोग गावाच्या पातळीवर उतरला आणि शेकडो गावांची अदलाबदल सुचवली. शहराकडे येताच मोजमाप बदलले. शहराच्या भोवताली कोणती भाषा आहे, जिल्ह्याचे ठिकाण म्हणून त्याचे महत्त्व काय, या गोष्टी पुढे आल्या आणि शहरातल्या माणसांची भाषा मागे पडली. १९५५ मध्ये तालुक्याचे जे झाले तेच १९६७ मध्ये शहराचे झाले.

तरीही कर्नाटकाचा एक युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. "आयोग तुम्ही मागितलात, निकाल विरुद्ध गेला म्हणून तुम्ही तो नाकारलात." यावर कायद्याचे उत्तर असे की आयोगाचा अहवाल ही शिफारस असते. तिच्यावर संसदेने कायदा केला नाही, म्हणून ती कोणावर बंधनकारक नाही. हे उत्तर बरोबर आहे. पण निकष लिहून न घेता आयोगाचा आग्रह धरणे ही महाराष्ट्राच्या राजकारणाची चूक होती आणि तिची किंमत सीमाभागातल्या माणसाने मोजली.

आयोगांच्या पलीकडचा इतिहास वेदनेचा आहे, तो थोडक्यात सांगतो. जानेवारी १९५६ च्या गोळीबारात बेळगावात माणसे गेली. दर १७ जानेवारीला त्यांना अभिवादन होते. शाळांत कन्नड सक्तीच्या विरोधात १९८६ च्या जूनमध्ये आंदोलन पेटले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा महापौरांना बंगळुरूत काळे फासले गेले आणि महापालिका बरखास्त झाली. कर्नाटकाने २००६ पासून बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरवायला सुरुवात केली, २०१२ मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे नाव बेळगावी झाले. ही सगळी जमिनीवरचा ताबा पक्का करण्याची पावले होती आणि ती विचारपूर्वक टाकली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले. असा दगड खाणारा चालक दोन्ही राज्यांच्या फायलींत कुठेच नसतो.

आता न्यायालयाचे पाहू, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये घटनेच्या कलम १३१ खाली केंद्र आणि कर्नाटक यांच्याविरुद्ध मूळ दावा दाखल केला. दावा म्हणजे अपील नव्हे. वादपत्र, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, मुद्दे निश्चित करणे, साक्षीपुरावा हे सगळे दिवाणी दाव्यासारखे सर्वोच्च न्यायालयातच व्हायचे. २०१४ मध्ये पुरावा नोंदवण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली. कर्नाटकाने सुरुवातीपासून एकच आडकाठी घातली आहे: कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार फक्त संसदेचा, तेव्हा हा दावा चालूच शकत नाही. त्यात भर म्हणजे महाराष्ट्र किंवा कर्नाटकाशी नाते असलेले न्यायाधीश या सुनावणीतून बाजूला होतात आणि खंडपीठ जमवतानाच महिने जातात.

कलम १३१ खाली केंद्राच्या कायद्याची वैधताच तपासता येते का, हा प्रश्नही गंभीर आहे. २०११ मध्ये मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय नाही म्हणाले. २०१४ मध्ये झारखंड-बिहार प्रकरणात दुसऱ्या पीठाला ते पटले नाही आणि मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. आपला दावा १९५६ च्या कायद्यातल्या तरतुदींना आव्हान देतो, म्हणून ही बाब आपल्या मुळाशी येते. "तारीख लागली की जिंकलो" असे सांगणाऱ्या पुढाऱ्याला एवढे एकच विचारा: या मुद्द्यावर तुमच्या वकिलांची तयारी काय आहे?

कलम ३ चा दुसरा अर्थही लक्षात घ्या. राज्याची सीमा बदलणारे विधेयक आणायचे तर राष्ट्रपती ते संबंधित विधिमंडळांकडे मत घेण्यासाठी पाठवतात. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. हा निकाल १९५९ सालचा, बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य, आणि तोही द्वैभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीवरून उठलेल्या वादात दिलेला. म्हणजे दिल्लीत इच्छा असेल तर एका कायद्याने हा प्रश्न सुटू शकतो. इच्छा नाही, कारण दोन्ही राज्यांतली मते कोणत्याही राष्ट्रीय पक्षाला हवी असतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावले, न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दावे करू नका असे सांगितले आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध एकमताने ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आणि ८६५ गावे आहेत.

या यादीबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. निपाणी, खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांवरचा आपला दावा भक्कम आहे. खुद्द महाजनांनीही त्यातला बराच मान्य केला. कारवारचा दावा कोकणीला मराठीत मोजण्यावर उभा आहे. १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, आली, त्यानंतर तो टिकवणे अवघड आहे. बिदरकडची गावे मूळ हैदराबाद संस्थानातली, त्यांचा इतिहास वेगळा आणि पुरावा वेगळा लागेल. सगळी गावे एका दमात मागितली की भक्कम दावाही दुबळ्या दाव्याच्या पातळीवर येतो. आणि जत, अक्कलकोटच्या कानडी गावांना आपण तोच निकष लावणार की नाही, याचे उत्तर तयार ठेवल्याशिवाय कोणत्याही बैठकीला जाऊ नये. जतमधल्या गावांनी पाण्यासाठी वैतागून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, हे विसरून चालणार नाही.

निवडणुकांचेही तसेच. २०१८ आणि २०२३ मध्ये सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, २०२१ मध्ये महापालिकेत भाजपला बहुमत मिळाले. "लोकांना आता काही नको" असे कर्नाटक यावरून म्हणते. मला ते पटत नाही. माणूस मत देताना रस्ता, पाणी, जात, पक्ष सगळे पाहतो, आणि समितीतल्या फुटीलाही लोक कंटाळले आहेत. पण हे आकडे नाहीतच असे वागणेही बरोबर नाही.

या सगळ्यात रोजचे जगणे कुठे अडते ते सांगतो. खानापूरकडचा शेतकरी जमिनीची फाईल घेऊन येतो. त्यात आजोबांच्या नावाचा मुंबई राज्याच्या काळातला मराठी उतारा असतो. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. वर ठेवलेला असतो संगणकावरचा आजचा उतारा, पूर्ण कानडीत. जमीन तीच, सर्व्हे नंबर तोच. पण आडनावातले एक अक्षर बदललेले असते आणि बँक म्हणते, हे दोन वेगळे इसम आहेत. मग प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे फेरी, तहसीलदाराकडे अर्ज, आणि अर्जही कानडीत लिहून देणारा गाठायचा. स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतःला वाचता येत नाही, तेव्हा सीमाप्रश्न कळायला इतिहास लागत नाही.

आणि इथे राज्य बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. पुनर्रचना झाली त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे आली. ३५०अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करायची. ३५०ब प्रमाणे त्यासाठी स्वतंत्र आयुक्त. सीमा कुठेही आखली तरी काही माणसे पलीकडे राहणारच, हे तेव्हाच्या संसदेने ओळखले होते. जिथे अल्पसंख्याकांची भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे धोरण मान्य झालेले आहे. कलम ३५० प्रमाणे तक्रार-अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो.

हे हक्क मिळवायला मोर्चापेक्षा चिकाटी लागते. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, उत्तर आले नाही की आयुक्तांकडे पाठवायचा, तिथून उच्च न्यायालयात जायचे. असे अर्ज करणारी गावे मी पाहिली आहेत आणि त्यांना अधूनमधून यशही येते. पण चळवळीतले काहीजण मला सांगतात, "कर्नाटकाकडे हक्क मागितला तर आम्ही कर्नाटक मान्य केल्यासारखे होईल." कायद्याने तसे अजिबात होत नाही. दावा वेगळा, नागरिकाचा हक्क वेगळा. मराठी शाळेचा वर्ग बंद पडला तर तो निकालानंतर परत भरत नाही.

सोडवायचा कसा, याचे अलीकडचे एक उदाहरण आसाम आणि मेघालयाचे आहे. बारा वादग्रस्त ठिकाणांपैकी सहा त्यांनी आधी निवडली, निकष ठरवले, दोन्ही राज्यांच्या समित्या एकत्र गावांत फिरल्या आणि मार्च २०२२ मध्ये करार झाला. नंतर न्यायालयीन अडचणी आल्या, तणावही संपला नाही, पण पद्धत योग्य होती: सगळे एकदम नको, सोपे आधी. आपल्याकडे महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत आहे, त्यामुळे नियमित भेटण्याचे ठिकाणही एक नाही. निपाणी आणि खानापूर इकडे, जत-अक्कलकोटची ज्यांना हवी ती गावे तिकडे, एवढ्यावर जरी आधी बसता आले तरी बेळगाव शहराची चर्चा वेगळ्या वातावरणात होईल.

राहिला तुझा तिसरा प्रश्न. निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला तरी बेळगाव दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात येणार नाही. न्यायालय फार तर १९५६ ची तरतूद घटनाबाह्य ठरवेल किंवा केंद्राला फेरविचार करायला सांगेल. नवी रेषा आखायला संसदेचा कायदा लागेलच. १९५९ चा आंध्र-मद्रास कायदा तू काढून वाच, म्हणजे अशा कायद्यात काय काय असते ते दिसेल. कोणते गाव कोणत्या तालुक्यात, लोकसभा आणि विधानसभेचे मतदारसंघ कसे बदलणार, कर्ज आणि मालमत्ता कशी वाटायची, कोणत्या राज्याचा कायदा कोणत्या तारखेपासून लागू. खानापूरच्या मराठी शाळेतल्या शिक्षकाची सेवाज्येष्ठता कुठे धरायची आणि तिथल्या न्यायालयात पडून असलेल्या वाटणीच्या दाव्याचे अपील धारवाडला करायचे की कोल्हापूरला, हेसुद्धा त्या कायद्यात लिहावे लागेल. महाराष्ट्र सरकारने हा मसुदा आजच तयार करून ठेवायला हवा, आणि तुझ्यासारख्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्या कामाला बसवायला हवे.